साखळी शून्य

फायलीवर लिहिलं होतं :
नाला, बोरिवली पूर्व. उगम ते मुख मोजणी.
आमच्याकडे तीस मीटरची फीत, चुन्याची पिशवी,
आणि पौषातली सकाळ,
जंगल अजून चुलीच्या धुराच्या रंगाचं.

उगम सापडेना.
नकाशावरची निळी रेघ जिथे सुरू होते
तिथे होता एक ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा,
आणि कोरडे गोटे.
साखळी शून्य लिहायची कुठे?

पाड्यावरची चैतीबाई बरफ, डोक्यावर काटक्यांचा भारा,
आमची मजा बघत उभी राहिली थोडा वेळ.
मग भारा उतरवला, उकिडवी बसली,
पाचोळा सारून दगडाखाली हात घातला
आणि ओली बोटं साहेबांपुढे धरली.
"निजलीय इथं. उगम कसला?
आश्विनात ती पार वर, त्या कारवीपर्यंत असते.
चैतात उतरते उंबरापाशी.
तुम्हाला आज जिथं गावली तिथं मांडा."

साहेबांनी पौषातला आकडा मांडला.

ती आमच्याबरोबर चालत राहिली. बोलावलं नव्हतं.
साखळी एकशे वीस : डावीकडून एक ओहळ मिळतो.
त्याचं नाव रडका.
दोनशे दहा : खडकात पाण्याने कोरलेले गोल खळगे,
एकापुढे एक. जात्यांची ओळ.
तीनशे पंच्याऐंशी : नदी एकाएकी उत्तरेला वळते,
कारण वाटेत काळा दगड आडवा पडलाय.
तिने तो हलवला नाही, फक्त
इतकी वर्षं त्याला घासून जातेय.
त्या कोपऱ्याला म्हणतात सासू.
मी पेन्सिलीने लिहीत गेलो.
साहेब म्हणाले, तक्त्यात नावांचा रकाना नाही.

वळणाखालच्या गाळात बिबट्याचा पंजा,
ताजा, त्यात पाणी हळूहळू भरत होतं.
तेवढं एक तळं आम्ही मोजलं नाही.

मग भिंत. जंगलाची हद्द.
भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी जाळी,
जाळीत अडकलेली पिंपळपानं, एक चप्पल.
खुणांच्या सूचीप्रमाणे अलीकडे निळी रेघ,
पलीकडे काळी, दुहेरी.
म्हणजे या जाळीच्या गजांमधल्या चार बोटांत कुठेतरी
नदीचा नाला होतो.
मी फूटपट्टी धरून बघत बसलो, नेमका कुठे.

चैतीबाई तिथेच थांबली.
"वेणूला पलीकडं दिलीय. माझ्या लेकीला.
तिच्या चाळीमागनं हीच जाते.
म्हणून मी वर कधी साबण लावत नाही."
मी म्हटलं, बाई, खाली गोठे आहेत, गॅरेज आहेत,
शेकडो घरांचं सगळं हिच्यातच येतं.
"म्हाईत हाय की," ती म्हणाली,
"पण माझ्याकडनं नको."
आणि भाऱ्यासाठी मागे वळली.

पुढची साखळी भराभर झाली. सिमेंटच्या भिंती सरळ असतात.
वळणाचं नाव सांगायला कोणी नाही, वळणही नाही.
एका पोराला विचारलं, हिला काय म्हणतात?
"कुणाला?" तो म्हणाला.

खाडीशी पोचलो तेव्हा भरती लागली होती.
तिवरांच्या मुळांतून पाणी आत शिरत होतं,
थर्माकोलचा तुकडा, झेंडूची सुटलेली माळ,
सगळं उलटं, पुलाखालून शहराकडे,
जंगलाकडे निघालेलं.
प्रवाहाचा बाण मी शाईने काढून बसलो होतो.
तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो खोटा होता.

कुठवर जात असेल हे पाणी?
साहेबांनी लांबवर पाहिलं. "दुसऱ्या पुलापर्यंत. जेमतेम."
वेणूची चाळ तिसऱ्याशी.

मी फीत गुंडाळायला घेतली.
शून्याचं टोक सगळ्यात शेवटी आत आलं,
चिखलाने माखलेलं.